मशीन आणि मंगलाष्टक

दुपारी साडेबाराच्या मुहूर्तावर दिंडोरीच्या मंगल कार्यालयात अंतरपाट धरला गेला आणि नवरी चैतालीच्या उज्ज्वलाआत्यांनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं. मागच्या लग्नात आत्या अशा सुसाट सुटल्या होत्या की पेटीवाल्याला त्या थेट पंगतीतच भेटल्या. म्हणून नवरदेव सुयशनं या खेपेला लॅपटॉपवर तबला, पेटी आणि बासरी एकत्र मिसळून वाजवणारं सॉफ्टवेअर लावलं होतं. आत्या धावल्या की ते धावणार, आत्या थांबल्या की तेही थांबणार.

पण आज आत्या धावेचनात. दुसऱ्या ओळीला त्या रेंगाळल्या, तसा तबलाही रेंगाळला. ‘कुर्यात्’ म्हणताना त्यांनी ‘कु’ला जो सूर लावला तो काही सुटेना, आणि बासरीही तिथंच तरंगत राहिली. पाहुण्यांच्या मुठीतल्या अक्षता घामानं भिजल्या.

“गुरुजी, लॅपटॉप बंद करू का?” सुयशनं हळूच विचारलं.

“अहो, मंगलाष्टक मधेच तोडतात का कधी? त्या बाईंना आवरा, मुहूर्त टळतोय!”

सुयश अंतरपाटाजवळ वाकून कुजबुजला, “चैताली, आत्यांना खूण कर ना. म्हणावं, तुम्ही पुढे व्हा, मशीन तुमच्या मागे येतंय.”



“अय्या! मशीन पुढे गेल्याशिवाय एक अक्षरही पुढे जायचं नाही, अशी मी तिला माझी शपथ घातलीये,” पलीकडून चैताली म्हणाली, आणि गुरुजींनी संध्याकाळचा मुहूर्त बघायला पंचांग उघडलं.