कुरडयांपुढचा ब्रेक
शिवरुद्रप्पांनी जुन्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक पालमच्या घराच्या अंगणातच खोलले. चाकाची तबकडी आवळणाऱ्या कॅलिपरमधले गंजलेले पिस्टन घासून आरशासारखे केले, नवे रबरी सील बसवले. नळ्यांतली हवा काढताना पायडल दाबायला बायकोला बसवलं. या गाडीतून फिरायला मात्र ती आजवर बसली नव्हती. आता गाडी चालवून बघायची, तर समोर लुगड्यावर कुरडया वाळत घातलेल्या. "तेवढ्या उचल गं!" "कशाला? ब्रेक नीट झालाय म्हणता ना?" अप्पा गाडीतून उतरले आणि सगळे नट पुन्हा आवळून आले. ती हसली. "सकाळपासून पायडल मीच दाबलंय. दगडासारखं लागायलंय, हवा नाही राहिली. या बिनघोर." आणि ती कुरडयांपलीकडं कमरेवर हात ठेवून उभी राहिली. अप्पांनी गाडी सोडली, ब्रेक दाबला. चाक लुगड्याच्या काठाशी थबकलं. "आता उचलते!" वाळवण बाजूला ठेवून ती शेजारी येऊन बसली. "चला, चारठाण्याची देवळं बघू!"