बंड्याचं स्थळ

कुत्रा बघायला माणसं येणार म्हणून जानकीने कांदेपोहे केले. दत्तारामने तर बंड्याला सकाळीच आंघोळ घातली आणि गळ्यात नवा पट्टा बांधून हॉलच्या कोपऱ्यात बसवलं. बोरीवलीच्या त्या दोन खोल्यांत एवढी आवराआवर मुलीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच झाली असेल.

"चावण्याचा विषय काढायचा नाही," दत्तारामने बायकोला आणि मुलीला बजावलं. "एकदा घरात गेला की लळा लागतो. मग कोण परत आणून देतंय?"

मुलगी, म्हणजे नीलम, चार वर्षं सासरी मार खाऊन स्वतःच परत आली होती. तिने गॅसवर चहाचं आधण ठेवलं.

बंड्याने आधी वॉचमनला प्रसाद दिला होता, मग दूधवाल्याला, आणि गेल्या आठवड्यात थेट सोसायटीच्या सेक्रेटरींना. सेक्रेटरींच्या पोटरीला चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी पत्र आलं, महिनाअखेरपर्यंत कुत्रा हलवा.

मुलुंडहून सम्यक आणि दर्शना हे जोडपं आलं, बरोबर त्यांची पाच वर्षांची मुलगी. बंड्या दिसायला राजबिंडा. त्यात आज उपवर मुलीसारखा मान खाली घालून बसलेला. दर्शनाला तो बघताक्षणी आवडला.

"स्वभावाने कसा आहे, काका?" सम्यकने विचारलं.

"गरीब गाय आहे हो," दत्ताराम म्हणाला.

"आणि मुलांबरोबर?"

"मुलं म्हणजे तर त्याचा जीव की प्राण!"

बंड्याने आजवर एकही मूल जवळून पाहिलेलं नव्हतं. त्याच्यापुढे मघाशी ठेवलेलं बिस्कीट अजून तसंच होतं. मुलगी उठली आणि ते बिस्कीट त्याला भरवायला निघाली. दत्ताराम कौतुकाने हसला. नीलम चहा घेऊन बाहेर येत होती. हातातला ट्रे कसाबसा खाली ठेवून तिने मुलीला उचललं.

"चावतो तो," ती म्हणाली. "त्याच्या खाण्याजवळ गेलं की चावतो. झोपेत हात लावला की चावतो. बाहेरच्या तिघांना चावलाय, मलाही चावलाय." तिने मनगट पुढे केलं. "तसा वाईट नाहीये. माझा फार जीव आहे त्याच्यावर. पण लहान मुलाच्या घरात नका नेऊ."

दर्शनाने मुलीला मांडीवर घेतलं. चहा घाईघाईत संपला. दारात चपला घालताना सम्यक म्हणाला, "कळवतो." त्याचा अर्थ ह्या घरात कुणालाच समजावून सांगायला नको होता.

लिफ्ट खाली गेली तसा दत्ताराम भडकला. "वाट लावलीस! आता कुठे सोडू ह्याला? जंगलात? सगळं खरं सांगून कधी स्थळ जमतं का गं?"

"माझ्या वेळी त्या लोकांपैकी एकाने जरी खरं सांगितलं असतं ना बाबा, तर मी त्या घरात पाऊल टाकलं नसतं."

दत्तारामने बायकोकडे पाहिलं, बोलू नकोस अशा नजरेने. इतकी वर्षं ती नजर जानकीला पुरली होती. आज पुरली नाही.

"सांगितलं होतं गो," जानकी म्हणाली. "तुझ्या नवऱ्याच्या सख्ख्या मावशीने. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, इथे घरी येऊन."