बिगरीचा पोळा

कडूचा बैल चारी पायांवर उभा राहिला आणि बिगरीच्या वर्गात एकच गिल्ला झाला. बाकीच्या दहा लेकरांचे चिखलाचे बैल अजून लटपटतच होते. कुणाचं शिंग गळालेलं, तर कुणाच्या बैलानं अशी बसकण मारलेली की उठायचं नावच घेईना.

"मग पहिलं कोण?" सत्यभामानं विचारलं.

"कडू! कडू!"

सत्यभामा आप्पा मास्तरांची चौदा वर्षांची लेक. आप्पा मोठ्या पोरांकडून पाढे घोकून घेत आणि बिगरीचं हे वानरसैन्य तिच्या गळ्यात. उद्या पोळा, म्हणून तिनं शाळेच्या ओसरीवर दोन खांबांना सुतळी बांधून आंब्याच्या पानांचं तोरण केलं होतं. लेकरांनी बैलांच्या खांद्यांना हळद चोळली होती, कानाशी तोंड नेऊन "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" असं सांगितलंही होतं. आता ज्याचा बैल न पडता उभा राहील, त्यानं तोरणाखालून पहिलं जायचं.

धनगराची पाच वर्षांची कडू गुडघ्यांवर रांगत बैल पुढं सरकवू लागली.

"थांब गं पोरी."

सुंदरराव पाटील नातवाला, राधाकिशनला, न्यायला आले होते. त्यांनी काठी आडवी धरली, बरोबर कडूच्या बैलापुढं.

"मास्तर, गावात तोरणाखालून पहिला बैल कुणाचा जातो?"

आप्पा पाढे थांबवून उठले. "तुमचाच, पाटील."

"मग हितं दस्तूर बदलला कावून?"

"खेळ हाय ओ," सत्यभामा म्हणाली. "आन् तुमच्या राधाकिशनचा बैल तर अजून उभाच राहीना!"

मागं कुणीतरी खुदकन हसलं. पाटलांनी काठीच्या टोकानं कडूचा बैल आडवा केला. फार जोर नाही लावला. एक पाय मोडला तेवढा.

"आता कुणाचाच उभा न्हाई."

कडू रडली नाही. मोडका पाय थुंकी लावून परत चिकटवू लागली. ते बघून सत्यभामाच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं वडिलांकडं पाहिलं. ओसरी पाटलांची. शाळेच्या परवानगीच्या अर्जावर सहीसुद्धा पाटलांचीच. आप्पांनी मान खाली घातली, राधाकिशनचा बैल उचलून तोरणाखाली ठेवला. तो तिथंही कलंडला.

"धरा की मास्तर," पाटील म्हणाले. "मान हाय त्याचा."

आणि ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं सगळी शाळा चिडीचूप व्हायची, ते आप्पा लेकरांसमोर उकिडवे बसले, चिखलाचा बैल दोन बोटांनी सावरत.

मग मात्र सत्यभामाला राहवेना. ती उठली, दोन्ही हातांनी सुतळी धरली आणि असा हिसका दिला की तोरण तुटून पाटलांच्या पायांत पडलं. पोळ्याला वेशीवरच्या तोरणाला हात लावायचा तो पाटलांनीच. बाईमाणूस त्या दिवशी वेशीकडं फिरकतसुद्धा नाही.

"पोळा फुटला रे!" ती बेंबीच्या देठापासून ओरडली.

तोरण तुटलं, पोळा फुटला, की मग कुणी पुढं नाही नि कुणी मागं नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अकराच्या अकरा लेकरं बैल घेऊन एकदमच सुटली. आप्पांच्या बोटांतला बैल हिसकून राधाकिशनही.

पाटलांनी नातवाला दंडाला धरून ओढत बाहेर काढलं. तो हातपाय झाडत होता.

"उद्या सण हाय म्हणून सोडतो," पाटील म्हणाले. "परवा वसरी मोकळी दिसली पायजे, मास्तर."

ते गेले. आप्पा उकिडवेच बसून राहिले, लेकीकडं न बघता.

कडू तीन पायांचा बैल छातीशी धरून जवळ आली. "अक्का, परवा कुठं बसायचं?"

"लिंबाखाली," सत्यभामा म्हणाली. "आन् समद्यांनी गोल बसायचं."