एका मताचा फरक

“चाळीस हजर. तीस मतं तुम्हाला काढायच्या बाजूनं, दहा विरुद्ध. बरोब्बर तीन चतुर्थांश.” वकीलबाईंनी ठरावाची नक्कल टेबलावर ठेवली. “एक मत जरी कमी पडलं असतं तरी ठराव बारगळला असता.”

दोरेबुवांनी नक्कल जवळ ओढून घेतली. बुकबाइंडरांच्या सहकारी संस्थेचे ते एकतीस वर्षं सभासद होते. शिवणीच्या दोऱ्याबाबत इतके काटेकोर, की त्यांचं खरं नाव कारखान्यात कुणाला आठवत नव्हतं. सभासदत्व गेलं म्हणजे तिथली बसायची जागाही गेली. या वयात दुसरीकडे कुणी दारात उभं करणार नव्हतं.

“नोटीस वेळेवर मिळाली होती?”

“मिळाली.”

“बाजू मांडू दिली?”

“दिली. तासभर बोललो.”

“आणि आरोप?”

“खरा आहे. ग्रंथालयाचं मोठं काम आलं होतं. चिटणीस म्हणाले, शिवत बसू नका, पानं नुसती चिकटवा. मी ग्रंथालयात जाऊन सांगून आलो, वर्षभरात पानं हातात येतील म्हणून. त्यांनी काम काढून घेतलं.”

“म्हणजे ‘संस्थेच्या हितास बाधा’.” बाईंनी सुस्कारा सोडला. “कठीण आहे. पद्धतीत चूक नसेल तर निबंधक ठरावात हात घालत नाहीत. निदान एक सभासद शोधा, जो आपण दबावाखाली मत दिलं असं लिहून देईल. मतपत्रिका पुन्हा तपासायचा अर्जही मी करते. पण आशा धरू नका.”

पंधरा दिवस दोरेबुवा घरोघर फिरले. खळ लावणाऱ्या माणसाच्या बायकोनं खिडकीतून “ते बाहेर गेलेत” असं सांगितलं. त्याच्या चपला दारातच होत्या. कटिंग मशीनवाल्यानं निदान आत बोलावलं.

“तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही, दोरेबुवा. पण खरं बोललात तुम्ही, आणि हात आमचे रिकामे राहिले. लिहून बिहून मी काही देणार नाही.”

दोरेबुवांची बायकोही त्याच संस्थेत होती, शिवणीच्या टेबलावर, इतकी वर्षं त्यांच्या समोरच्या जागेवर. ती सकाळी कामाला गेली की दोरेबुवा दारात उभे राहत. मग आत येऊन घरातलं एखादं पुस्तक उसवत आणि पुन्हा शिवत. महिन्याभरात कपाटात उसवायला पुस्तक उरलं नाही.

“दहाजण माझ्या बाजूनं होते,” एका संध्याकाळी ते म्हणाले. “तुला सोडलं तर नऊ. ते नऊ कोण, एवढं कळलं असतं तरी धीर आला असता.”

ती बोटांवरची सुकलेली खळ खरवडत होती. “कळून काय होणार?”

“आपलं कोण ते कळेल.”

“अहो, पुरे करा ना आता. किती जणांच्या पायऱ्या झिजवणार?”

“तूच असं म्हणालीस तर मी बघायचं कुणाकडे?”

ती दूध उतू जाईल म्हणून उठली.

सुनावणीच्या दिवशी तिला रजा मिळाली नाही. दोरेबुवा एकटेच गेले. निबंधकांची खोली लहान होती, फायलींच्या गठ्ठ्यांनी अजून लहान झालेली. चिटणीस पायावर पाय टाकून बसले होते. लिहून देणारा एकही सभासद मिळाला नव्हता. वकीलबाईंनी मागितलं होतं म्हणून निबंधकांनी मतपत्रिकांच्या लिफाफ्याचं सील फोडलं, कंटाळून एकेक चिठ्ठी उलटी घालत गेले. दोरेबुवांनी मोजणं मध्येच सोडून दिलं. तीसच भरणार होत्या.

एका चिठ्ठीवर निबंधकांचा हात थांबला. त्यांनी चष्मा पुसला, उपविधींची पुस्तिका उघडली.

“ही बाद,” ते म्हणाले. “गुप्त मतदानात ओळख पटेल अशी खूणही चालत नाही. इथं तर चक्क सही केली आहे.”

चिटणीसांचा पाय खाली आला.

“उरली एकोणचाळीस. त्यांतली बाजूनं एकोणतीस. तीन चतुर्थांश होत नाहीत. काढण्याचा ठराव रद्द.”

दोरेबुवा वकीलबाईंकडे वळले. मग त्यांचे डोळे भरून आले. “जिंकलो?” त्यांनी विचारलं.

“जिंकलात! उद्यापासून कामावर जा.”

“ज्यानं कुणी ही चूक केली, त्याचे उपकार फेडायचे कसे?”

“मला काही ती सही वाचता येत नाही. तुम्ही ओळखाल.” हसत हसत वकीलबाईंनी चिठ्ठी त्यांच्यापुढे सरकवली.

‘काढावे’ या शब्दापुढे ठसठशीत फुली होती, आणि फुलीखाली त्यांच्या बायकोची सही.