बसऱ्याच्या हॉटेलाची यादी

कडूबाच्या बायकोला, तानुबाईला, मसणात पोचवून माणसं वरवटला परतली तेव्हा टपालवाला कडूबाच्या ओट्यावर बसून होता. त्यानं खाली मान घालूनच पत्र दिलं. पत्र इराकातल्या बसऱ्याहून आलं होतं, हिंमतचं.

कडूबानं ओल्या धोतरानं तिथंच ते वाचलं. एकुलता एक पोरगा लढाईवर गेला होता, पण बंदूक घेऊन नव्हे. तो अमेरिकन शिपायांच्या भटारखान्यात स्वयंपाकी होता. लढाई संपली की सोबत काम करणाऱ्या पिंपळगाव राजाच्या वामनरावाबरोबर तो बसऱ्यातच हॉटेल काढणार होता. अमेरिकन तऱ्हेचं. लांब लाकडी फळी, तिच्यापुढं उंच गोल स्टुलं, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर तवा आणि भिंतीवर पदार्थांची छापील यादी.

"त्याइचं धिरडं मैद्याचं असते," हिंमतनं लिहिलं होतं, "वरून साखरेचा पाक. मायले विचारा आपल्या ज्वारीच्या धिरड्याचं माप. यादीत पहिलं तेच टाकतो."

मायची चिता अजून विझली नव्हती.

तापात तिनं दोनदा बजावलं होतं. "पोराले कळवू नका. तो काम टाकून पळून येईन, अन् त्याले जेलात टाकतीन."

तिसऱ्या दिवशी कडूबानं अस्थी तांब्याच्या लहान गडूत भरल्या, तोंडाला फडकं बांधलं आणि गडू मळ्यातल्या निंबाला टांगला. घरात आणता येत नव्हता. पूर्णा नदीत सोडायच्या त्या हिंमतच्या हातानं, असं त्यानं ठरवलं.

शेजारची झुंबरबाई भाकर घेऊन आली. "भाऊजी, हिंमतले लिवलं का?"

"लिवलं."

"काय?"

"माय तापानं नरम आहे म्हून."

झुंबरबाईनं भाकर चुलीपाशी झाकून ठेवली.

पत्रं पूर्वीही कडूबाच लिहायचा. तानुबाई सांगायची, तो उतरवायचा. पण माप त्याला ठाऊक नव्हतं. तो चुलीपुढं बसला आणि झुंबरबाई दारातून शिकवू लागली.

"हे धिरडं व्हय का गोधडी?"

"बसऱ्यात कोणाले समजते, वयनी?"

"तुमच्या पोराले समजन. मायच्या हातचं खाल्लं त्यानं."

शिकायला लागल्याच्या चौथ्या दिवशी धिरडं तव्यावरून सुटलं. कडूबानं लिहिलं, "तुझी माय म्हणते, तीन मुठी ज्वारीचं पीठ, एक मूठ बेसन, ताकात भिजव. तव्यावर तेल अर्ध्या कांद्यानं फिरव. घाई करू नको."

पौषात बसऱ्याचं दुसरं पत्र आलं. अक्षर वेगळं होतं. उकळत्या तेलानं उजवा हात भाजला आहे, वामनराव लिहून राह्यला, मायनं जीवाला लावून घेऊ नये, असा मजकूर होता. शेवटी विचारलं होतं, यादीत आता काय टाकावं?

कडूबानं बेसनाच्या पातोड्यांची रस्साभाजी कळवली. आणि लिहिलं, "तुझी माय म्हणते, हाताले तूप लाव."

पुढं दर महिन्या-दीड महिन्यानं पत्र येऊ लागलं. बोटं अजून वळत नाहीत. मायची तब्येत कशी आहे? फळीसाठी लाकूड पाहून ठेवलं. यादीत आता काय टाकावं?

एका पत्रात भरताचं माप मागितलं होतं. हिंमत वांगं दिसलं की पाटावरून उठायचा.

"परदेशात माणूस सुधरते," झुंबरबाई म्हणाली. "तिकडं कोण लाड करते?"

कडूबा हसला. तानुबाई गेल्यापासून पहिल्यांदाच. त्या संध्याकाळी त्यानं मळ्यातलं वांगं भाजून पाहिलं, किती लसूण लागतो ते मोजलं आणि लिहून पाठवलं.

वर्ष झालं. झुंबरबाई पुन्हा म्हणाली, "वर्षश्राद्ध पोरानं करावं लागते, भाऊजी. किती दिवस झाकान?"

"लढाई संपू द्या. आला की त्याले पह्यले निंबाखाली नेतो. मंग घरात."

काय सांगायचं ते त्यानं ठरवून ठेवलं होतं. मोटेवर बैल हाकताना तो ते पुटपुटायचा. "तिनंच नाही म्हटलं होतं, बापू. माह्यावर राग धरू नको." प्रत्येक वेळी पोरगा त्याच्याकडं बघेल तो चेहरा डोळ्यांपुढं यायचा, आणि वाक्य अर्ध्यावर तुटायचं.

लढाई संपली. यादीत बारा पदार्थ झाले होते. पत्र आलं, "आम्ही दोघंबी दिवाळीच्या आधी येऊन राह्यलो. छापलेली यादी मायले दाखवाले आणतो."

ते यायच्या दिवशी कडूबानं सकाळीच पीठ भिजवलं. शेगाव ठेसनावरून येणारी बैलांची दमणी मळ्याजवळच थांबली; कडूबा तिथंच वाट पाहत उभा होता. एकटा वामनराव उतरला. बगलेत कागदाची गुंडाळी, हातात पिशवी. त्यानं कडूबाचे पाय धरले.

"हिंमत मांगून येते का?" कडूबानं रस्त्याकडं बघत विचारलं. "चाल, घरात चाल. तवा तापून राह्यला."

"घरात नाही येत, काका. मावशी आहेत ना घरात?"

कडूबा अजून रस्त्याकडंच बघत होता.

"त्याइच्यासमोर बोलाची हिंमत नाही होत माही. आजारी हायत असं तुमी लिवलं होतं, म्हून मी हाताचंच लिवलं." वामनरावानं पिशवीतून फडक्यानं तोंड बांधलेला तांब्याचा लहान गडू काढला. "तेल अंगभर सांडलं होतं, काका. पौषातच. हे घरात नेता येत नाही. कुठं टांगू?"

कडूबा निंबाकडं वळला. तो पुढं चालू लागला. निंबाखाली येऊन वामनरावानं वर पाहिलं. फांदीला एक गडू आधीच होता. दोन पावसाळ्यांनी त्याचं फडकं पांढरं पडलं होतं.

पूर्णेवर आता दोन न्यायचे राहिले होते.