जवादची सॅक

मार्लूसने उशी तिसऱ्यांदा उचलली. खाली गादीशिवाय काही नव्हतं. गळ्यात अडकवायची तिची निळी पिशवी गायब होती. तिच्यात पासपोर्ट होता, महिनाभराचा रेल्वेपास होता, आणि ल्युब्लियानाहून साल्झबर्गला जाणारी गाडी तासाभरात सुटणार होती.

"नीट आठव," हिद्दे म्हणाला. तो दात घासता घासता बोलत होता. "मागे सायकलची किल्ली शोधून शोधून जीव गेला आमचा. आणि निघाली कुठे? तुझ्याच बुटात."

"नाश्त्याला जाताना उशीखाली ठेवली होती. मला स्पष्ट आठवतंय."

"मग पाय फुटले तिला."

होस्टेलच्या त्या खोलीत समोरासमोर, एकावर एक असे दोन-दोन पलंग होते. वर मार्लूस, तिच्या खाली हिद्दे. समोर खाली जवाद, त्याच्या वरचा पलंग रिकामा. दाराला आकड्यांचं कुलूप होतं आणि ते आकडे या तिघांनाच सांगितलेले होते.

जवाद खिडकीपाशी चार्जरची वायर गुंडाळत होता. नाश्त्याला तो आला नव्हता. भूक नाही म्हणाला होता.

हे आठवलं तसं तिला बाकीचंही आठवू लागलं. तीन दिवस तो गप्प गप्प होता. काल गॅलरीत आईशी त्यांच्या घरच्या भाषेत फोनवर बोलत होता, आणि मार्लूस दारात येताच त्याने आवाज खाली आणला. त्या भाषेतलं तिला अक्षर कळत नाही, हे ठाऊक असूनही. परवा तर सरळ म्हणाला होता, पुरे झालं आता, घरी जाऊ या. आणि पासपोर्टच नसला, तर घरीच जावं लागणार.

तिने विचार झटकला. तो मनातून गेला नाही.

"जवाद," ती म्हणाली. आपला आवाज तिला स्वतःलाच फार गोड वाटला. "आम्ही खाली होतो तेव्हा तू खोलीतच होतास ना रे?"

"हो."

"पूर्ण वेळ?"

"दहा मिनिटं अंघोळीला गेलो होतो."

"नाही, कोणी आलं-गेलं असेल तर... म्हणून आपलं विचारलं."

जवादने तिच्याकडे पाहिलं. मग वायर खाली ठेवली, सॅक ओढून पलंगावर घेतली, चेन उघडली आणि एकेक वस्तू काढून ओळीने मांडायला लागला.

"हे काय आता मध्येच?" हिद्देने विचारलं. "कोण काय म्हणालं तुला?"

"कोणी काही नाही म्हणालं."

शर्ट. टॉवेल. आईने दिलेला खजुराचा डबा. त्याचं झाकण त्याने काढून दाखवलं. साबणाची डबीसुद्धा उघडली.

"त्यात मावतो होय पासपोर्ट?" हिद्दे हसला.

मार्लूसला म्हणायचं होतं, भर ते परत, वेडा आहेस का. शब्द अगदी ओठांवर होते. पण नजर एकेका वस्तूवरून फिरत होती, आणि शेवटचा कप्पा उघडेपर्यंत ती काही बोलली नाही. कप्प्यात घडीची छत्री होती. ती निघेपर्यंत मार्लूस थांबली होती, हे जवादने पाहिलं.

"संपलं," तो म्हणाला.

"माझा एक मोजा सकाळपासून सापडत नाहीये," हिद्दे वैतागला. "त्याची कोणाला पर्वा आहे का?" त्याने आपली गादी भिंतीपासून खसकन ओढली. काहीतरी धप्पकन फरशीवर पडलं. वाकून त्याने निळी पिशवी पट्ट्याला धरून उचलली. वरच्या पलंगाच्या फटीतून घसरून ती तिथे अडकली होती.

"घ्या. माझ्याच अंथरुणात निघाली. बांधा मला."

मार्लूस खळखळून हसली. गाढवा, म्हणत त्याच्या गळ्यात पडली. त्याच्या खांद्यावरून तिला दाराशी ठेवलेली हिद्देची सॅक दिसली. मघाशीच भरून तयार होती ती. तिच्याकडे मार्लूसने एकदाही पाहिलं नव्हतं.

तिचं हसू थांबलं.

"सापडली रे," ती जवादला म्हणाली.

"बरं झालं." तो शर्टांच्या घड्या घालत होता. मनापासूनच म्हणाला तो.

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"कसं?"

तिने पिशवी गळ्यात अडकवली.

गाडीत तिघं समोरासमोर बसले. हिद्देने चीजचे सँडविच वाटले. जवादने आपला घेतला आणि "थँक यू" म्हणाला. एरवी तो हिसकावून घ्यायचा.

सीमेवरच्या स्टेशनात दोन पोलीस डब्यात चढले. एका म्हाताऱ्या जोडप्याला ओलांडून पुढे आले, हिद्देला ओलांडलं, मार्लूसला ओलांडलं, आणि जवादपाशी थांबले. कागद मागितले, उलटसुलट करून पाहिले. मग त्यातल्या एकाने वरच्या फळीवरच्या सॅककडे बोट केलं. उघडून दाखवता का, म्हणाला.

मार्लूस ताडकन उठली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"आम्ही तिघं एकत्र आहोत," तिने त्यांना जर्मनमध्ये सुनावलं. "बारा वर्षं ओळखते मी याला. याचीच सॅक का? माझी का नाही बघत?"

सगळा डबा वळून बघायला लागला. जवादने सॅक खाली घेतली आणि मांडीवर ठेवली. चेन ओढता ओढता, मान वर न करता, तो तिघांच्या नेहमीच्या डचमध्ये हळूच म्हणाला,

"बस खाली, मार्लूस. यांनी निदान तोंडाने विचारलं."