लिफ्टबंदीचा न झालेला ठराव

सोसायटीच्या ग्रुपवर काल एकमताने ठरलं, की लिफ्ट बंद ठेवायची. आज असं काही ठरलेलंच नाही.

तार तुटायला आलीय हे सांगताना इंगवलेकाकांनी अध्यक्षांना ‘ठोंब्या’ म्हटलं, म्हणून ॲडमिन मृदुलाने नियमाप्रमाणे अख्खी चर्चा पुसली. हल्ली पुसलेलं वाचणाऱ्यांच्या डोक्यातूनही जातं. फक्त ॲडमिनच्या डोक्यात राहतं; पण ते परत आणायला सोसायटीच्या समितीची मंजुरी लागते.

सकाळी काका सातव्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरले.

“काका, बाहेर या. तार तुटेल, तुम्हीच म्हणालात.”

“मी? अगं, अध्यक्ष देवमाणूस आहे. अफवा कसल्या पसरवतेस?”

लिफ्टच्या दारात पाय अडकवून मृदुलाने, सगळंच विसरलेल्या समितीला, फोनवरूनच अर्ज धाडला: ‘सदर चर्चेतील शिवी वगळून उर्वरित मजकूर सर्व सभासदांना पूर्ववत आठवावा, ही नम्र विनंती.’